"व्हिसा आला का?" कॅनडाची स्पाउस स्पॉन्सरशिप आणि मधलं ते वर्षभर नेमकं काय चालू असतं

लग्नाला सहा महिने झाले की सुरू होतं. सासरचे, माहेरचे, बिल्डिंगमधले, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी, सगळे एकच विचारतात, "काय गं, व्हिसा आला का?" आणि आपण "प्रोसेसमध्ये आहे" म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच शंका, की मुलाने कागद नीट दिले नसतील, नाहीतर मुलगाच... असो. त्यात कॅनडाने इमिग्रेशनचे आकडे कमी केल्याच्या बातम्या आल्यापासून फॅमिली ग्रुपवर "कॅनडाने बायकोचा व्हिसा बंद केला" छाप फॉरवर्ड फिरतायत. बंद वगैरे काही केलेला नाही. पण वेळ का लागतो, तेवढ्या वेळात फाईलचं काय होतं आणि आपण काय करायचं, हे कोणी धड सांगत नाही. मी ह्या रांगेत वर्षाच्या वर काढलंय, आता कॅनडात बसून लिहितेय, त्यामुळे तेव्हा मला जे कोणीतरी सांगायला हवं होतं ते सगळं इथे टाकते.

स्पॉन्सर म्हणजे जामीनदार

आपल्याकडे स्पॉन्सर म्हटलं की डोळ्यासमोर गणपती मंडळाच्या कमानीवरचा फोटो येतो, ज्याने पैसे दिले तो स्पॉन्सर. इमिग्रेशनमधला स्पॉन्सर म्हणजे पतसंस्थेतला जामीनदार समजा. कर्ज दुसऱ्याचं, सही ह्याची, आणि हप्ता थकला की वसुलीवाला ह्याच्या दारात. कॅनडात राहणारा नवरा (किंवा बायको, उलटही असतंच, मी सोयीसाठी नवरा लिहिते) सरकारला लिहून देतो की ही व्यक्ती आली की तिचं खाणंपिणं, कपडे, राहणं, आणि सरकारी आरोग्य योजनेत न बसणारे दातांचे-चष्म्याचे खर्च माझ्याकडे. ह्याला अंडरटेकिंग म्हणतात. स्पाउससाठी ते ३ वर्षांचं असतं आणि पीआर मिळाल्याच्या दिवसापासून मोजतात. पीआर म्हणजे पर्मनंट रेसिडेन्सी, तिथे कायम राहायचा आणि काम करायचा हक्क, पासपोर्ट मात्र भारताचाच राहतो.

मधे भांडण झालं, घटस्फोट झाला, नवऱ्याची नोकरी गेली तरी ते अंडरटेकिंग सुटत नाही. बायकोने त्या ३ वर्षांत सरकारी वेल्फेअर घेतलं तर ते पैसे सरकार नवऱ्याकडून मागतं. म्हणून सही करायच्या आधी वाचा, आपण सगळे "खाली सही, खाली सही" करत जातो तसं नको.

पगार किती पाहिजे हा पुढचा प्रश्न, आणि इथे देशादेशात गल्लत होते. ब्रिटनमध्ये ११ एप्रिल २०२४ पासून नवीन अर्जांना वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न लागतं, आधी १८,६०० होतं. कुणाच्या तरी लंडनच्या भाच्याचं ऐकून कॅनडातला मुलगा घाबरतो. कॅनडात साध्या स्पाउस केसला अशी किमान उत्पन्नाची अट नाही, ती आईवडिलांना बोलावताना असते. नवरा १८ वर्षांच्या वरचा, कॅनडाचा सिटिझन किंवा पीआर पाहिजे, दिवाळखोरीत नको, आणि अपंगत्व सोडून दुसऱ्या कारणाने सोशल असिस्टन्स, म्हणजे वर सांगितलेलं वेल्फेअर, घेत नसावा. नवरा नुसता पीआर असेल तर त्याला अर्ज चालू असताना कॅनडातच राहावं लागतं, सिटिझन असेल तर बाहेर राहूनही करता येतं, फक्त बायकोला पीआर मिळाला की कॅनडात राहायला जाणार हे दाखवावं लागतं. आणि नवरा स्वतःच कुणाचा तरी स्पाउस म्हणून स्पॉन्सर होऊन आलेला असेल तर त्याला पीआर मिळाल्यापासून ५ वर्षं नवीन स्पाउसला स्पॉन्सर करता येत नाही.

एक मोठा गोंधळ इथेच मिटवते. नवरा कॅनडात शिकतोय किंवा वर्क परमिटवर आहे आणि बायको "डिपेंडंटवर" जाते, ती स्पॉन्सरशिप नाही, तो तात्पुरता ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करायची ठराविक मुदतीची परवानगी. २१ जानेवारी २०२५ पासून जे आवळलं ते हे. आता विद्यार्थ्याच्या जोडीदाराला तो मिळतो तर साधारण १६ महिने किंवा त्याहून मोठ्या मास्टर्सला, पीएचडीला आणि काही ठराविक प्रोफेशनल कोर्सना, आणि नोकरी करणाऱ्यांच्या बाबतीतही ठराविक वरच्या श्रेणीच्या नोकऱ्यांनाच. "बायकोचा व्हिसा बंद" हा फॉरवर्ड बहुतेक ह्या बातमीतून जन्माला आला असावा. पीआर किंवा सिटिझन नवऱ्याची स्पॉन्सरशिप हा वेगळा रस्ता आणि तो उघडा आहे.

मग एवढा वेळ का

पंढरपूरला आषाढीला गेलेल्यांना हे एका वाक्यात कळेल. दर्शनबारीत माणसं येतच राहतात, बारी पत्राशेडच्या मागे लांबच लांब जाते, पण गाभाऱ्याचं दार तेवढंच आणि मिनिटाला जितके पुढे सरकतात तितकेच सरकतात. तुम्ही कितीही भाविक असा, पहाटे आंघोळ करून आलेले असा, बारीचा वेग तुमच्या हातात नाही.

कॅनडा सरकार दरवर्षी पुढच्या वर्षांत किती लोकांना पीआर द्यायचा त्याचे आकडे जाहीर करतं, ह्याला लेव्हल्स प्लॅन म्हणतात. २०२४ साठी एकूण आकडा ४,८५,००० होता, २०२५ साठी तो ३,९५,००० वर आणला. त्यातला नवरा, बायको, पार्टनर आणि मुलं मिळून असलेला वाटा ८२,००० वरून ७०,००० वर आला. आता बघा, क्युबेक सोडलं तर स्पाउसचे अर्ज किती घ्यायचे ह्यावर मर्यादा नाही, म्हणजे बारीत कितीही जण उभे राहू शकतात, पण वर्षाला आत सोडायचा आकडा ठरलेला. लग्नं काही लेव्हल्स प्लॅन बघून होत नाहीत. मग बारी लांबते, आणि ती लांबली म्हणजे तुमच्या फाईलमध्ये खोट आहे असा अर्थ नसतो.

सरकारनेच डिसेंबर २०१६ मध्ये सांगितलं होतं की बहुतेक स्पाउस अर्ज १२ महिन्यांत संपवू. ते टार्गेट आहे, गॅरंटी नाही. कधी त्याच्या आत होतं, कधी नाही, कोविडमध्ये तर विचारूच नका.

क्युबेक ही वेगळीच बारी. माँट्रियल वगैरे जिथे आहे तो प्रांत स्वतःचे इमिग्रेशनचे आकडे बराचसा स्वतः ठरवतो. त्यांनी २६ जून २०२४ ते २५ जून २०२६ ह्या २ वर्षांसाठी स्पाउस, पार्टनर आणि १८ वर्षांवरच्या मुलांचे मिळून १०,४०० च अर्ज घ्यायचे ठरवले आणि तो कोटा २०२५ च्या जुलैतच भरला. म्हणून माँट्रियलच्या मुलाशी लग्न ठरवताना टोरांटोच्या मैत्रिणीचा अनुभव कामाचा नाही, तिकडे वर्षांच्या भाषेत बोलायचं.

आणि हो, "दिल्लीच्या ऑफिसात अडकलंय" हे वाक्य. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत-कॅनडा वादात कॅनडाचे ४१ डिप्लोमॅट परत गेले, तेव्हा भारतातले त्यांचे इमिग्रेशनचे कर्मचारी २७ वरून ५ वर आले. तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं की भारतातले ८९ टक्के अर्ज तसेही भारताबाहेरच्या ऑफिसांतून बघितले जातात. म्हणजे आपली फाईल दिल्लीत कोणाच्या टेबलावर धूळ खात पडलीय हे चित्र डोक्यातून काढा, ती कॉम्प्युटरवर आहे आणि जगात कुठलाही ऑफिसर ती उघडू शकतो.

फाईल आत गेल्यावर

लोकांना वाटतं एक रांग आहे. असतात चार-पाच, एकामागे एक आणि काही शेजारी शेजारी.

पहिली रांग नुसती कागद मोजायची. सगळं ऑनलाइन पोर्टलवर भरायचं, आणि सगळ्यात आधी बघतात की फॉर्म पूर्ण आहेत का, सह्या आहेत का, फी भरली का. एक सही राहिली, एका प्रश्नात रिकामी जागा राहिली तर अख्खा अर्ज परत. परत म्हणजे नकार नाही, पण तुमचा नंबर गेला, नव्याने बारीच्या शेपटाला. माझ्या ओळखीत एकीचे ह्यात अडीच महिने गेले, कारण जुन्या पत्त्यांच्या यादीत दोन महिन्यांची फट राहिली होती, हॉस्टेल सोडल्यापासून घरी येईपर्यंतची.

कागद पूर्ण असले की एओआर येतो, पोच मिळाल्याचं पत्र. ह्या दिवसापासून सगळे दिवस मोजतात, दहावीच्या निकालासारखे. मग स्पॉन्सर पात्र आहे का ते बघतात. मग बायकोला बायोमेट्रिक्सचं पत्र, बोटांचे ठसे आणि फोटो, मुंबई किंवा पुण्याच्या व्हीएफएस सेंटरला (व्हिसाचे कागद आणि ठसे घेणारी कंपनी) अपॉइंटमेंट घेऊन द्यायचे, ते १० वर्षं चालतात. मग मेडिकल, आणि ते फॅमिली डॉक्टरकडे चालत नाही, कॅनडाने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच, आणि ते १२ महिनेच चालतं. उगाच घाई करून स्वतःहून आधी करून बसलात तर मधेच संपायची भीती.

मेडिकलवरून घरात उगाच टेन्शन असतं. डायबेटिस आहे, थायरॉइड आहे, लहानपणी ऑपरेशन झालंय, आता काय? स्पाउसच्या केसला "हिच्यावर सरकारचा फार खर्च होईल" हे कारण देऊन नाकारता येत नाही, कायद्यातच सूट आहे. बघतात ते दुसऱ्यांच्या आरोग्याला धोका आहे का, म्हणजे टीबी चालू आहे का वगैरे, आणि तिथेही उपचार घेऊन पुढे जाता येतं. गरोदर असाल तर एक्सरेच्या आधी डॉक्टरला सांगा, तो पुढे ढकलता येतो.

सोबत पीसीसी, पोलिस क्लिअरन्स, पासपोर्ट सेवा केंद्रातून. मागच्या १० वर्षांत ज्या ज्या देशात सलग ६ महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाची. दुबईत दोन वर्षं नोकरी केली असेल तर तिथलीही. पासपोर्टवर माहेरचा पत्ता आणि राहायला सासरी असं असेल तर पोलिस व्हेरिफिकेशनला जरा जास्तीचा वेळ धरून चाला.

मग येते ती मोठी शांतता. एलिजिबिलिटी, म्हणजे लग्न खरं आहे का ते ऑफिसर बघतो, आणि बॅकग्राउंड, म्हणजे गुन्हे आणि सिक्युरिटी, जे दुसऱ्या खात्यांकडून तपासून येतं. स्टेटस महिनोन् महिने "इन प्रोग्रेस". माझा स्वतःचा अंदाज असा की वर्षभरात माणसाचे डोळे आपल्या फाईलवर असलेला वेळ मोजला तर काही तासांच्या वर जाणार नाही, बाकी सगळं वाट बघणं, कोणाच्या तरी उत्तराची किंवा आपला नंबर यायची. मधेच ट्रॅकरवर "शेवटचा बदल" ही तारीख बदलते पण आत काहीच नवीन नसतं, ह्याला लोक घोस्ट अपडेट म्हणतात. मी त्यावर पहाटे चार वाजता नवऱ्याला फोन केलेत, करू नका.

फारच शांतता असेल तर नवरा ५ डॉलर भरून फाईलच्या आतल्या नोंदी मागवू शकतो, आपल्या माहितीच्या अधिकारासारखंच आहे. त्यांना जीसीएमएस नोट्स म्हणतात. त्याने फाईल पळत नाही, फक्त कुठे थांबलीय ते दिसतं, आणि कधी कधी तेवढंच पुरतं.

"लग्न खरंय, शेकडो माणसं जेवून गेली, मग पुरावे कशाला?"

कारण ऑफिसर जेवायला नव्हता. त्याला फक्त फाईल दिसते. कायद्यात दोन प्रश्न आहेत, हे नातं आज खरं आहे का, आणि हे लग्न मुख्यतः इमिग्रेशनसाठी केलं होतं का. २०१० पासून ह्या दोनमध्ये "किंवा" आहे, म्हणजे एकातही नापास झालात तरी नापास.

आता आपलं अरेंज मॅरेज. कांदेपोहे झाले, दोन वेळा व्हिडिओ कॉल, मुलगा तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आला, साखरपुडा-हळद-लग्न एका दमात उरकलं, सत्यनारायण झाला आणि तो गेला. आपल्याला ह्यात वावगं काही वाटत नाही. अरेंज मॅरेज काय असतं हे त्या ऑफिसरलाही माहीत असतं, ते गुन्हा धरत नाहीत. पण त्याला सांगावं लागतं की कोणी सुचवलं, कोण कोणाच्या घरी गेलं, काय बघून होकार दिला, लग्नात कोण कोण होतं, त्यानंतर किती वेळा भेटलात. हे सगळं एका लांबलचक फॉर्ममध्ये विचारतात आणि लोक तिथेच एका ओळीचं उत्तर देऊन मोकळे होतात. तिथे सविस्तर लिहा, गोष्ट सांगितल्यासारखं. पत्रिका जुळवली असेल तर तेही लिहा, त्यात लाजायचं काय.

फोटो पाठवायला २० ची मर्यादा आहे, आणि आपल्याकडे अल्बम तीनशे फोटोंचा. त्यातले वीस स्टेजवरचे पाठवू नका. दोन हळदीचे, चार लग्नाचे, बाकी त्यानंतरचे, सासू-सासऱ्यांसोबत, भावाच्या घरी, गोव्याला गेला असाल तर ते, साध्या कपड्यातले, तारीख आणि कोण कोण आहे ते खाली लिहून. चॅट पाठवताना "जेवलीस का" "हो, तू" हेच जास्त असतं, चालतं, खरी जोडपी तेच बोलतात, फक्त दहाच पानं मागतात तर सगळी एकाच आठवड्यातली नकोत, वेगवेगळ्या महिन्यांतली निवडा. आणि अर्ज दिल्यावरही जमवत राहा, कारण ऑफिसर आठ-दहा महिन्यांनी फाईल उघडतो तेव्हा त्याला मधला काळ कोरा दिसू नये.

लग्न रजिस्टर केलेलं पाहिजे हे वेगळं सांगायला नको, पण सांगते. मंगल कार्यालयाची पावती आणि लग्नपत्रिका म्हणजे मॅरेज सर्टिफिकेट नाही. महापालिका किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नोंदवा, आणि फक्त मराठीत मिळालं तर सर्टिफाइड ट्रान्सलेशन जोडा. ऑनलाइन किंवा फोनवर लावलेलं लग्न चालत नाही, जून २०१५ पासून नियम आहे की दोघंही लग्नाला प्रत्यक्ष हजर पाहिजेत.

तांदळातलं नाव

हा घोळ महाराष्ट्रातल्या मुलींनी खास बघायचा. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव बरेचदा एकत्र छापलेलं असतं, पुढे माहेरचं आडनाव. लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, आणि काही घरांत तर नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन पहिलं नावही लिहितो. आपल्याला ते गोड वाटतं. तिकडच्या ऑफिसरसमोर मात्र तीनपैकी तीन शब्द बदललेले, म्हणजे सरळ दुसरीच बाई.

माझं मत विचाराल तर पीआर हातात येईपर्यंत पासपोर्ट, आधार, बँक, कशालाही हात लावू नका. पासपोर्टवर जे आहे तेच नाव सगळ्या फॉर्मवर, आणि बाकीची जी काही नावं कागदोपत्री कुठेही असतील ती "इतर नावं" विचारतात तिथे एक न सोडता. पत्रिकेवर "चि. सौ. कां." च्या पुढे घरचं लाडाचं नाव छापलं असेल तर एका ओळीत तसं सांगून टाका. मधे पासपोर्ट संपला आणि नवीन काढावा लागला तर कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवरच्या वेबफॉर्मवरून लगेच कळवा.

मधल्या काळात भेटायला जाता येतं का

येतं, आणि इथे पुन्हा पंढरपूर. पददर्शनाची बारी मोठी, पण ज्याला वेळ नाही तो मुखदर्शन घेऊन येतो, लांबून का होईना. व्हिजिटर व्हिसा म्हणजे मुखदर्शन. काही महिने एकत्र राहता येतं, आणि तुम्ही पीआरच्या रांगेतून बाहेर पडत नाही.

"पण व्हिजिटर व्हिसासाठी परत येणार असं दाखवावं लागतं आणि इकडे तर कायमचं जायचं म्हणतोय, म्हणजे खोटं नाही का?" रास्त शंका आहे. कॅनडाच्या कायद्यात ह्याची सोय आहे, त्याला ड्युअल इंटेंट म्हणतात. पीआर हवाय हे खरं, आणि तो मिळाला नाही तर मुदतीत परत येईन हेही खरं, दोन्ही एकत्र चालतं. मे २०२३ मध्ये तिथल्या सरकारने स्पाउस अर्जदारांचे व्हिजिटर व्हिसा लवकर बघायची व्यवस्थाही जाहीर केली होती. तरी नकार येऊ शकतो, त्याने स्पॉन्सरशिपची फाईल आपोआप बिघडत नाही. बिघडते ती लपवल्याने. स्पॉन्सरशिप चालू आहे हे फॉर्ममध्ये स्वच्छ लिहा, कारण दोन्ही फाईल एकाच सिस्टिममध्ये दिसतात.

जाऊन तिथेच राहिलं तर? इथे इनलँड आणि आउटलँड हे दोन शब्द येतात. इनलँड म्हणजे दोघं कॅनडात एकत्र राहतायत आणि तिथूनच अर्ज, त्यात ओपन वर्क परमिट मागता येतो. आउटलँड म्हणजे बाहेरून अर्ज, पण त्यात व्हिजिटर म्हणून कॅनडात येऊन राहायला बंदी नाही. इनलँडमध्ये मधेच आजीच्या आजारपणाला भारतात आलात आणि परत शिरायला अडचण आली तर अर्जच धोक्यात, कारण त्याचा पायाच "तिथे एकत्र राहणं" हा आहे. शिवाय नकार आला तर आउटलँडवाल्या स्पॉन्सरला ३० दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करता येतं आणि तिथे नवीन पुरावेही मांडता येतात, इनलँडला तो रस्ता नाही, १५ दिवसांत फेडरल कोर्टात जावं लागतं आणि ते आधी केस ऐकायची की नाही हेच ठरवतात. भारतात घरचं माणूस म्हातारं असेल तर मी तरी आउटलँडच म्हणेन.

सगळ्यात महागात पडणारी चूक

हे नीट वाचा, खासकरून ज्यांचा मुलगा एक्स्प्रेस एंट्रीतून, म्हणजे स्वतःच्या शिक्षण-नोकरीच्या गुणांवर, पीआर घेतोय त्यांनी. अर्ज करताना मुलगा सिंगल होता. पीआरचं पत्र आलं, जायला दोन महिने आहेत, घरचे म्हणतात मुहूर्त चांगलाय, उरकून टाकू, तू हो पुढे आणि मग हिला बोलाव. मुलगा लग्न करतो, विमानात बसतो, तिथे उतरताना "काही बदल?" विचारल्यावर "नाही" म्हणतो, आणि सिंगल म्हणून पीआर होतो.

त्या बायकोला नंतर फॅमिली क्लासमध्ये, म्हणजे घरच्या माणसांना बोलवायच्या ह्या रस्त्याने, स्पॉन्सर करता येत नाही. रांग लांबते वगैरे नाही, दारच बंद. नियम असा की पीआर होण्याआधी जे कुटुंबात होते त्यांना सांगितलं नाही आणि तपासू दिलं नाही, तर ते कायमचे बाहेर. २०१९ मध्ये काही प्रकरणांत मर्यादित सवलत आणली होती पण त्यावर भिस्त ठेवून कोणी मुहूर्त काढू नये. एकतर उतरायच्या आधी लग्न कळवा, मग वेळ गेला तर जाऊ दे, नाहीतर पीआर होऊन या आणि मग लग्न करा. दोन्ही चालतं. मधलं चालत नाही.

हाच नियम बाळाला. वाट बघण्याच्या काळात बाळ झालं आणि वडील नुसते पीआर असतील, तर बाळाला त्याच अर्जात जोडायचं, लगेच, वेबफॉर्मवरून. "आधी हिचं होऊ दे, मग बाळाचं बघू" म्हणून गप्प बसलेले लोक आहेत.

"पैसे दिले तर लवकर होतं म्हणे"

३० एप्रिल २०२४ च्या दराने सरकारी फी १,२०५ कॅनेडियन डॉलर होती, वर बायोमेट्रिक्सचे ८५. लवकर करून देणारा कुठलाही प्रीमियम दर नाही. मेडिकल, ट्रान्सलेशन, पीसीसीचा खर्च वेगळा.

एजंट लागतो का? साध्या केसला, पहिलं लग्न, मुलं नाहीत, जुना नकार नाही, तर नाही लागत, दोन वीकेंड आणि थोडी चिकाटी लागते. आधीचा घटस्फोट, जुना व्हिसा रिजेक्शन, वयात मोठं अंतर, असं काही असेल तर घ्या मदत, पण पैसे घेऊन हे काम करायचा हक्क फक्त कॅनडाचे वकील, क्युबेकचे नोटरी आणि लायसन्स असलेले कन्सल्टंट ह्यांनाच आहे, आणि कन्सल्टंटचं नाव त्यांच्या "कॉलेज"च्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या संस्थेच्या, रजिस्टरवर ऑनलाइन शोधता येतं. रस्त्यावरच्या बोर्डवर मेपलचं पान आहे म्हणून विश्वास ठेवू नका. "माझी आत ओळख आहे" म्हणाला की उठा. ओळखीने जे होतं ते एवढंच, की तिथल्या खासदाराच्या ऑफिसातून फाईलची चौकशी करता येते, ती फुकट असते, आणि त्यातही ते विचारतात फक्त, ढकलत नाहीत.

"दोन वर्षं एकत्र राहिलं नाही तर परत पाठवतात?"

ही अट होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये आणली आणि १८ एप्रिल २०१७ ला काढून टाकली. नवीन जोडप्यांना पीआर मिळाल्यावर २ वर्षं एकत्र राहायची सक्ती होती आणि त्यात मारहाण सहन करत राहिलेल्या बायका अडकत होत्या, काढायचं ते एक मोठं कारण. अमेरिकेत मात्र लग्नाला २ वर्षं व्हायच्या आत गेलात तर अजूनही आधी २ वर्षांचं कंडिशनल ग्रीन कार्ड मिळतं, बहुतेक तिथलं ऐकून इकडे सांगतात. कॅनडात घरात त्रास असेल तर नवरा "तुझा पीआर कॅन्सल करीन" म्हणतो ती पोकळ धमकी आहे, पीआर देणं-काढणं त्याच्या हातात नाही. पीआर मिळायच्या आधी मात्र तो स्पॉन्सरशिप मागे घेऊ शकतो, हा फरक लक्षात ठेवा.

पासपोर्ट मागितला की

एक दिवस ईमेल येतो, पासपोर्ट पाठवा. आउटलँडवाल्यांचा हा निकालाचा दिवस. पासपोर्ट व्हीएफएसला द्यायचा, परत येतो तेव्हा त्यात व्हिसा चिकटवलेला, आणि सोबत सीओपीआर, पीआर कन्फर्म झाल्याचा कागद. आधी त्यावरची शेवटची तारीख बघा. ती वाढवून मिळत नाही, म्हणून "श्रावण संपू दे, गौरी-गणपती करून जा" म्हणणाऱ्यांना ती तारीखच दाखवायची. स्पेलिंग आणि जन्मतारीखही तिथल्या तिथे तपासा.

आणि दागिने. पहिल्यांदा उतरताना सोबत काय आणलं आणि नंतर काय येणार ह्याची यादी कस्टम्सला द्यावी लागते. मंगळसूत्र, पाटल्या, आजीने दिलेली ठुशी, सगळ्याचे फोटो काढून, सोनाराकडून वजन आणि किमतीचा कागद घेऊन तो यादीला जोडा. जे सासूबाईंच्या लॉकरमध्ये ठेवून चाललात तेही "नंतर येणार" मध्ये लिहा. मी ठुशी लिहायची विसरले, ती अजून सांगलीतच आहे.